गाठीत सुई घातली, तरी निदान का होत नाही?

प्रश्न : मांडीत खोलवर सहा सेंटिमीटरची गाठ आहे. एफएनएसीच्या (बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टात ‘स्पिंडल सेल ट्यूमर, प्रकार सांगता येत नाही, कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा सलग तुकडा काढून तपासणी) करावी’ असं आलंय. मग ही तपासणी वाया गेली का?

उत्तर : नाही. पू, क्षय, लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) ही नावं यादीतून बहुतेक गळाली, हे काही थोडकं नाही. पण लांबट, टोकाला निमुळत्या स्पिंडल पेशी मज्जातंतूच्या निरुपद्रवी श्वानोमातही असतात आणि सायनोव्हियल सार्कोमातही (सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग). स्लाइडवर पेशी पसरल्या की त्यांची मूळ मांडणी मोडते. सार्कोमाची ग्रेड, म्हणजे तो किती आक्रमक आहे, हे ठरवायला मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) मोजावे लागतात, नेक्रोसिस (मेलेला भाग) किती ते पाहावं लागतं. त्यासाठी सलग तुकडाच हवा.

बरंचसं नमुना घेतानाच बिघडतं. २२ किंवा २३ गेजची (बारीक) सुई बाहेर काढण्याआधी सिरिंजची ओढ सोडली नाही, तर रक्त चढतं आणि पेशी त्यात हरवतात. काही स्लाइड हवेत वाळवून जीम्सा या रंगासाठी ठेवायच्या, काही ओल्या असतानाच पॅप स्टेन या दुसऱ्या रंगासाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायच्या. इथे क्षणभर उशीर झाला तरी केंद्रकं फुगतात, त्यांतलं क्रोमॅटिन (डीएनएचं द्रव्य) धूसर दिसतं. जीम्सात मिक्सॉइड (पेशींमधलं बुळबुळीत) द्रव्य ठळक किरमिजी उठतं, पॅप स्टेनमध्ये ते फिकं असल्याने नजरेतून सुटतं. म्हणून दोन्ही हवेत. सुईत उरलेलं फॉर्मलिनमध्ये धुऊन सेल ब्लॉक (पेशींचा मेणात बसवलेला ठोकळा) करावा. त्यावर एस-१००सारखे मार्कर (पेशीचा प्रकार ओळखायला विशिष्ट प्रथिनं दाखवणाऱ्या चाचण्या) लावता येतात आणि सायनोव्हियल सार्कोमाचा संशय असेल तर एसएस१८ जनुकातली मोडतोड फिश तपासणीने (जनुकांवर चमकणारे रंग लावून) पाहता येते.

तपासणीच्या फॉर्मवर नुसतं ‘मांडीत गाठ’ लिहून भागत नाही. वय, आकार, फॅशियाच्या (स्नायूंवरच्या पडद्याच्या) वर की खाली, किती दिवसांत वाढली, हे हवंच. नोड्युलर फॅसायटिस ही निरुपद्रवी गाठ; तो काही आठवड्यांत वाढतो, मायटोसिसही भरपूर दाखवतो. माहिती नसेल तर निरुपद्रवी गाठीवर सार्कोमाचा शिक्का बसतो. उलट, खोल, मोठ्या गाठीतून नुसती चरबी आली म्हणून लिपोमा (चरबीची साधी गाठ) म्हणू नये. सुई बाजूच्या चरबीतच फिरलेली असू शकते, किंवा तो वेल-डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमाही (साध्या चरबीसारखाच दिसणारा सार्कोमा) असू शकतो.

प्रश्न : सुईमुळे गाठ पसरते का?

उत्तर : बारीक सुईने क्वचितच. कोअर बायोप्सीची वाट मात्र पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदरेषेतच हवी, म्हणजे ती गाठीबरोबर काढता येते. त्यामुळे जागा सार्कोमाच्या सर्जननेच ठरवावी. एमआरआय राहिला असेल तर तो बायोप्सीच्या आधी उरकावा. नंतर आतल्या रक्तस्रावाने चित्र गढूळ होतं.