क्वाडचा मागचा शॉक: उघडायच्या आधी काय तपासायचं आणि उघडला तर कसा भरायचा

तुमचा प्रश्न असा आहे: खानापूर-जांबोटी बाजूला शेतात, रानवाटांवर चालणारा स्पोर्ट क्वाड (मोटारसायकलसारखी चारचाकी) माणूस बसला की मागून फार खाली जातो, खड्ड्यातून निघताना मागचा भाग उसळतो, आणि मेकॅनिक स्प्रिंग बदला म्हणतो. स्प्रिंगवर इतक्यात पैसे घालू नका. खाली बसणं हा स्प्रिंग आणि प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे त्याचा) भाग, उसळणं हा रिबाउंडचा (दबलेला शॉक किती वेगानं परत उलगडतो त्याचा), म्हणजे शॉकमधल्या तेलाचा. तेल दमलेलं असताना कडक स्प्रिंग टाकली तर उसळणं आणखी वाढेल.

आधी टायरची हवा बघा. स्पोर्ट क्वाडला साधारण ४ ते ६ पीएसआयच लागते, दोन्ही चाकांत सारखी. पंक्चरवाल्याच्या नेहमीच्या गेजवर एवढा कमी आकडा भरवशानं दिसत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. मग मागची बाजू जॅकवर उचला आणि स्विंगआर्म (मागचा ॲक्सल धरणारा, वर-खाली होणारा हात) धरून आडवा आणि वर-खाली हलवा. खटखट लागली तर पिव्हटची (स्विंगआर्म फिरतो त्या सांध्याची) किंवा लिंकेजची (स्विंगआर्म आणि शॉक जोडणाऱ्या सांध्यांची) नीडल बेअरिंग, म्हणजे सुयांसारख्या रोलरची बेअरिंग, गेली. आपल्याकडची पावसाळ्यातली तांबडी माती सीलच्या आत शिरते, ग्रीस धुऊन जातं आणि सुया गंजून अडकतात. लिंकेज अडकलं असेल तर शॉकची कुठलीही सेटिंग खोटीच पडते. बोल्ट काढा, रॉकेलनं धुवा, सुयांवर गंजाचे खड्डे दिसले तर बेअरिंग आणि सील दोन्ही बदला, पाण्याला टिकणारं ग्रीस भरा. पावसाळ्यात चालवत असाल तर हे काम दर मोसमाला करायचंच.

आता सॅग, म्हणजे वजनानं मागचा भाग किती खाली बसतो ते, मोजा. चाकं लटकत असताना ॲक्सलच्या मध्यापासून मागच्या ग्रॅबबारवर केलेल्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग क्वाड सपाट जागेवर ठेवून, रोजच्या कपड्या-बुटांसह माणूस बसवून तेच अंतर घ्या. समजा आधी ६२० मिमी होतं, आता ५४० झालं, तर सॅग ८० मिमी. चाकाची एकूण चाल २५० मिमी असेल तर सुमारे एक तृतीयांश सॅग ठीक. जास्त असेल तर स्प्रिंगच्या डोक्यावरच्या दोन रिंगांपैकी वरची लॉक रिंग सैल करून खालची रिंग सी-स्पॅनरनं (रिंगच्या खाचेत अडकणाऱ्या वाकड्या पान्यानं) आवळा. त्याआधी आटे ब्रशनं स्वच्छ करून तेल मारा. मातीसकट फिरवलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात. एका फेऱ्यात सॅग साधारण ३ ते ५ मिमी बदलतो.

खरी परीक्षा यानंतर. माणूस उतरवून क्वाड नुसत्या स्वतःच्या वजनानं किती बसतो ते बघा. २५ मिमीच्या आसपास बसला तर स्प्रिंग बरोबर आहे. जवळजवळ बसतच नसेल तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही प्रीलोडनं तिला ओढून नेताय, अशा वेळीच कडक स्प्रिंग घ्यायची. उलट स्वतःच्याच वजनानं खूप बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

रिबाउंडचा स्क्रू बहुधा शॉकच्या खालच्या टोकाला असतो. तो हलक्या हातानं पूर्ण बंद करत क्लिक मोजा आणि लिहून ठेवा. जोर लावला तर आतली सुई खराब होते. मागची बाजू दाबून सोडली की एकदा वर येऊन थांबली पाहिजे. स्क्रू पूर्ण बंद करूनही उसळत असेल तर शॉक उघडायची वेळ आली. खात्री करायची तर शॉक काढून, स्प्रिंग उतरवून शाफ्ट हातानं दाबा. सोडल्यावर तो आपोआप, हळूहळू बाहेर यायला हवा. येत नसेल तर आतला नायट्रोजन गॅस गेला. दाबताना मध्येच पोकळ लागला तर तेलात हवा आहे.

उघडताना सगळ्यात आधी व्हॉल्व्हमधून नायट्रोजन पूर्ण सोडा, तोंड बाजूला ठेवून. गॅस आत असताना सर्कलिप (झाकण अडवून ठेवणारी रिंग) काढली तर झाकण गोळीसारखं सुटतं. सील हेड (शाफ्ट ज्यातून जातो ते सीलचं झाकण) थोडं आत ढकलून सर्कलिप काढा, आणि ते बाहेर ओढण्याआधी खाचेची धार बारीक पॉलिश पेपरनं मोडा, नाहीतर ओ-रिंग तिथंच कापली जाते. पिस्टनवरच्या शिम (पातळ चकत्या) ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा, एक जरी उलटसुलट झाली तरी डँपिंग (शॉकची हालचाल आवरणं) बदलतं. ऑइल सील, डस्ट सील, ओ-रिंग, पिस्टन बँड नवे घाला. बुशच्या आत पितळी रंग उघडा पडला असेल तर तोही बदला. शाफ्टवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर नवं सील टिकणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड करणाऱ्यांकडे हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग होतं, मूळ व्यास मोजून तोच मागा.

तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं शॉक ऑइलच, इंजिन ऑइल चालत नाही. शाफ्ट हळूहळू आत-बाहेर करत बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थांबा, इथं घाई केली तर सगळी मेहनत वाया. मग शाफ्ट पूर्ण बाहेर ठेवून सील हेड बसवा, रिझर्व्हॉयर (शॉकची बाजूची छोटी टाकी) तेलानं काठोकाठ भरून ब्लॅडर (गॅस भरायची रबरी पिशवी) घाला. ब्लॅडरऐवजी तरंगता पिस्टन असेल तर त्याची खोली मॅन्युअलप्रमाणे ठेवा. नायट्रोजन बहुतेक शॉकना १५० पीएसआयच्या आसपास लागतो, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे रेग्युलेटरसह सिलिंडर असतो. रिझर्व्हॉयर इतका लहान की पाइप काढताना निसटलेला गॅससुद्धा दाब पाडतो. म्हणून व्हॉल्व्हची पिन आधी सोडून मगच निघणारा चक (पाइपच्या टोकाची पकड) वापरा. कॉम्प्रेसरची हवा भरू नका, तिच्यातल्या ओलाव्यानं गरम झाल्यावर दाब जास्त चढतो आणि आत गंज धरतो.

शॉक बसवल्यावर सॅग पुन्हा मोजा, आणि चेन नव्यानं सेट करा. दोन्ही स्प्रॉकेट आणि स्विंगआर्मचा पिव्हट एका रेषेत येतात तिथं चेन सर्वांत ताणते. त्या जागीही तिला थोडी ढील राहिली पाहिजे.