एकाच पापणीवर १५८२३ आणि ६७९०४, तर ५९ लावू का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात अमेरिकन वैद्यकीय विम्याच्या क्लेमच्या कोडिंगची, म्हणजे उपचारांना ठरावीक आकडी कोड देण्याची, नवी नोकरी आहे, सर्जन एकाच वरच्या पापणीसाठी १५८२३ आणि ६७९०४ दोन्ही लिहितो, मेडिकेअर (तिथला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) १५८२३ नाकारतं, आणि टीममधलं कुणीतरी म्हणतंय की ५९ मॉडिफायर (दोन कामं एकमेकांपासून वेगळी होती असं सांगणारी कोडमागची खूण) लाव, क्लेम निघून जाईल.

नका लावू. निघून जाईलही कदाचित, पण ऑडिटला परत येईल आणि तेव्हा नाव तुमचं असेल.

१५८२३ म्हणजे पापणीवर लोंबणारी जादा कातडी काढणं. ६७९०४ म्हणजे पापणी उचलणारा लेव्हेटर स्नायू बाहेरून छेद घेऊन आवळणं. पेशंटला दोन्हींत फरक कळत नाही, त्याला एवढंच कळतं की वरचं दिसत नाही. मेडिकेअरचं म्हणणं असं की त्याच पापणीचा स्नायू दुरुस्त करताना काढलेली कातडी त्याच कामात धरली आहे. २०१६ मध्ये त्यांनी हे पुन्हा बजावलं. ५९ लावून दोन कोड सुटे करायचे नाहीत, कातडी मुद्दाम दुसऱ्या तारखेला काढायची नाही, आणि वैद्यकीय गरजेपोटी काढलेल्या कातडीचे पैसे ‘कॉस्मेटिक’ म्हणून पेशंटकडूनही घ्यायचे नाहीत. हे शेवटचं बऱ्याच क्लिनिकना ठाऊकच नसतं. उजवीकडे स्नायू आणि डावीकडे फक्त कातडी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दोन्ही कोड जातात, बाजू नीट दाखवून.

माझ्या अनुभवात मात्र नुसत्या १५८२३ चे क्लेमही कोडमुळे कमी आणि चार्टमुळे जास्त मरतात. जादा कातडीचं निदान एच०२.८३१ (उजवी वरची) किंवा एच०२.८३४ (डावी वरची) बरोबर असतं, पण त्याला आधार देणारं काही नसतं. चार्टमध्ये पेशंटची तक्रार कामाच्या भाषेत हवी: गाडी चालवताना सिग्नल दिसत नाही, वाचताना बोटाने पापणी वर धरावी लागते. ‘पापण्या जड वाटतात’ एवढ्यावर कुणी पैसे देत नाही. स्नायूच्या केसमध्ये एमआरडी-१ हवा, म्हणजे बाहुलीवरच्या प्रकाशाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या कक्षेची तपासणी) शक्यतो दोनदा, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा टेपने वर चिकटवून. किती अंश सुधारणा हवी ते त्या राज्याच्या मेडिकेअर कॉन्ट्रॅक्टरच्या एलसीडीत (त्यांच्या स्थानिक नियमपत्रकात) बघा, पाठ करू नका.

आणि फोटो! समोरून, डोके सरळ, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, बाहुलीवरचा प्रकाशाचा ठिपका दिसेल असा. एकदा माझ्याकडे अशी फाइल आली होती की एमआरडी-१ एक मिलिमीटर लिहिलेला, आणि फोटोत बाई टक्क डोळे उघडून बघतायत. आकडा आधीच्या पेशंटच्या टेम्प्लेटमधून आला होता. मी क्वेरी, म्हणजे डॉक्टरकडे लेखी विचारणा, टाकली. क्लायंट चिडला, मग नवीन मोजमाप आलं आणि ते ४ होतं. तो क्लेम पाठवलाच नाही.

हॉस्पिटलच्या आउटपेशंट विभागात शस्त्रक्रिया असेल तर १ जुलै २०२० पासून प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे मेडिकेअरची आगाऊ मंजुरी, लागतं. मंजुरीसोबत मिळणारा ट्रॅकिंग नंबर हॉस्पिटलच्या क्लेमवर नसेल तर तो क्लेम तर नाकारला जातोच, सर्जन आणि भूलतज्ज्ञाचे क्लेमही त्याच्यामागे नाकारले जातात. म्हणजे हे कागद शस्त्रक्रियेच्या आधीच पूर्ण हवेत. नंतर फोटो काढून उपयोग नाही, पापणी तोवर वर गेलेली असते.

तुमच्या सर्जनला एक साधी क्वेरी पाठवा: “ऑपरेशन नोटमध्ये त्याच पापणीची कातडी आणि लेव्हेटर दोन्हींचा उल्लेख आहे, त्या बाजूला फक्त ६७९०४ पाठवत आहोत.” कोडिंग सुचवणारा प्रश्न विचारू नका, नोटमध्ये जे आहे तेच सांगा.

बाजू दाखवणाऱ्या मॉडिफायरमध्ये ई१ म्हणजे डावी वरची पापणी आणि ई३ म्हणजे उजवी वरची. पहिल्या महिन्यात मी हे उलट धरलं होतं, म्हणून अजूनही मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली आहे.