वाचकांचे प्रश्न : कळलं, पण वळलं नाही

प्रश्न : आमच्या चर्चच्या पाळकांनी उपदेशाला येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला (बोधकथा) घेतला, तेव्हा कमिटीतले दोघे उपदेश अर्ध्यावर टाकून उठून गेले. बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायातही मुख्य याजक आणि परूशी (कडव्या धर्मनियमांचा यहूदी पंथ) यांना ‘हा आपल्याविषयीच बोलतो’ हे कळलं, तरी ते येशूला धरायलाच बघत होते. कळूनही माणूस उलटतो कसा?
– एक वाचक, निफाड

उत्तर : तुम्ही निफाडचे, तेव्हा बाग वाट्याने देणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. ओझरला माझ्या वडिलांची दोन एकर बाग होती. ऑक्टोबर छाटणीपासून घड उतरेपर्यंत मांडवाखाली राबायचा तो वाटेकरीच. त्याला बाग आपलीच वाटू लागायची, आणि त्याचं मला कधी नवल वाटलं नाही. दाखल्यात मळा वाट्याने घेतलेले माळी मात्र फळांचा वाटा न्यायला आलेल्या दासांना मारतात, शेवटी मालकाच्या मुलालाही.

ऐकणाऱ्यांना हा मळा ओळखीचा होता. जुन्या करारात, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कुंपण, बुरूज, द्राक्षकुंड सगळं आहे. पण तिथे मळाच रानद्राक्षं देतो आणि मालक कुंपण काढून टाकतो. येशू मळ्याला दोष देत नाही, तो राखणाऱ्यांना, म्हणजे पुढाऱ्यांना धरतो. म्हणून हा दाखला सरसकट यहूदी लोकांवर लादतात ते मला अजिबात पटत नाही. भोवतीची गर्दी यहूदीच होती, आणि तिच्याच भीतीने पुढाऱ्यांनी हात आवरला.

मालक आता काय करील, असं येशू विचारतो, तेव्हा मत्तयात निकालही हे पुढारीच देतात : मालक त्या दुष्टांचा नाश करील, मळा दुसऱ्यांना देईल. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला श्रीमंताने हिरावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, आणि दावीदही असाच संतापला होता. ‘तो मनुष्य तूच’ ऐकल्यावर मात्र तो म्हणाला, मी पाप केलं. याजकांचं घोडं इथेच अडलं. ते मंदिरात ‘कोणत्या अधिकाराने?’ असा जाब विचारायला आले होते. तिथेच चारचौघांत मान खाली घालायची?

मी मंडळीच्या हॉलच्या किल्ल्या अकरा वर्षं सांभाळल्या. तरुणांना गाण्याच्या सरावाला हॉल नाकारला, त्याच आठवड्यात उपदेशाला हा उतारा आला. जुडगा पर्समध्ये होता. पहिल्याच वाक्याला कळलं. इतका राग आला, की दोन रविवार मी गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी जुडगा सेक्रेटरींच्या हातात दिला.

तुमचे ते दोघे उठले, म्हणजे त्यांना ऐकू गेलंय. त्यांच्या घरी जा, चहा घ्या. दाखल्याचा विषय त्यांनाच काढू द्या.