मुक्काम दोन रात्रींचा, विमान पहाटेचं

प्रश्न : नागपूरहून सकाळी आठला मुंबईत उतरते. अकराला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल) बैठक. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला. खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी का? बिल कंपनीच्या नावे हवं आहे. – एक वाचक, नागपूर

उत्तर : फक्त आवरायचं असेल तर नको. आदल्या संध्याकाळी थेट हॉटेलला फोन करा. बुकिंग साइटवरच्या ‘लवकर चेक-इन’च्या विनंतीला हमी नसते. खोली रिकामी नसली तरी बॅग ठेवून घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी आवरायची सोय होते. आदल्या रात्रीचं घेतलंतच, तर सकाळी येणार हे ईमेलने कळवा. नाहीतर मध्यरात्रीनंतर ‘नो-शो’ (पाहुणा आलाच नाही) धरून सगळं बुकिंग रद्द होऊ शकतं.

बीकेसीतच राहायचा हट्ट नको. मरोळ नाक्याजवळ उतरलात तर मेट्रो ३ थेट बीकेसीला नेते, रस्त्यावरची कोंडी टळते.

बिलाचं मात्र चेक-इनलाच पक्कं करा. कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक लिहून द्या; बिल निघाल्यावर दुरुस्ती करून घेणं जिकिरीचं. साइटवर आगाऊ पैसे भरले असतील तर बिल कोण देणार, हेही आधी विचारा. जीएसटी हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला लागतो. तुमच्या कंपनीची नोंदणी महाराष्ट्रातली असेल, तर तिला या कराची वजावट घ्यायला अडचण नाही. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर लागतो; तिथे वजावट मिळत नाही ती हॉटेलला, त्याच्या स्वतःच्या खरेदीवरच्या कराची.

ओळखीसाठी आधार ठेवा. पॅनवर पत्ता नसतो, ते चालत नाही.