सिंधुताई सपकाळ यांनी गाईगुरांसाठी खरंच काही काम केलं होतं का?

तुम्ही विचारलंय की सगळे त्यांना ‘अनाथांची माय’ म्हणतात, मग गाईंचं काम हे मागाहून चिकटवलेलं आहे की खरं आहे?

खरं आहे. वर्धा जिल्ह्यात त्यांचं गोपिका गाईरक्षण केंद्र आहे. पण तेवढ्यावर उत्तर संपवलं तर माझी आजी मला घरात घेणार नाही.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. ४ जानेवारी २०२२ च्या रात्री पुण्यात सिंधुताई, म्हणजे सगळ्यांच्या माई, गेल्याची बातमी टीव्हीवर आली. पडद्यावर मुलं, त्यांची जुनी भाषणं, मंत्र्यांच्या श्रद्धांजल्या असं सगळं चाललं होतं. आजीनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “अन् तिच्या गाईइले आता कोन पाह्यते?” गाईंचा उल्लेख तोवर एकाही वाहिनीनं केला नव्हता. तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथंच असावं.

माईंचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा, वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघेचा. वडील गुराखी. नको असलेली मुलगी म्हणून घरात नाव पडलं चिंधी. आईचा शाळेला विरोध. म्हणून वडील तिला म्हशी चारायच्या निमित्तानं घराबाहेर काढायचे. म्हशी डबक्यात बसल्या की ही शाळेत पळायची. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झालं, तेही म्हशींच्या वेळापत्रकानुसार. पुढं कोवळ्या वयात लग्न होऊन ती नवरगावला आली.

आता शेणाची गोष्ट. ती कळल्याशिवाय पुढचं कळत नाही.

जंगलालगतच्या गावात शेकडो गुरं रानात चरतात, तिथं शेणाचे ढीग पडतात. ते उचलायचं काम बायकांचं. पाठ मोडेस्तोवर शेण काढायचं आणि त्या शेणाचा पैसा मात्र वनखात्याशी संगनमत असलेल्या गावातल्या एका बड्या माणसाच्या खिशात. बायकांना मजुरी शून्य. ज्यांनी घरी गोवऱ्या थापल्या आहेत त्यांना ठाऊक असतं की शेण म्हणजे चुलीचं सरपण आणि शेताचं खत, म्हणजे रोकडच. सिंधुताईंनी या बायकांची बाजू घेऊन एवढा गोंधळ घातला की जिल्हाधिकारी गावात आले आणि निकाल बायकांच्या बाजूनं लागला. त्यांचं पहिलं समाजकार्य ते हेच. ना संस्था, ना पावतीपुस्तक, हातात शेणाची पाटी.

ज्याचं नुकसान झालं तो गप्प बसणार नव्हता. तिच्या पोटातलं मूल आपलं आहे अशी आवई त्यानं उठवली. दिवस भरत आले होते. नवऱ्यानं मारहाण करून तिला गोठ्यात टाकलं. गुरांच्या पायाखाली मरेल, म्हणजे पाप आपल्या माथी नको, असा हिशोब. १४ ऑक्टोबर १९७३ ला त्या गोठ्यातच मुलगी झाली. माई भाषणात सांगायच्या की एक गाय त्यांच्या अंगावर उभी राहिली, दुसऱ्या गुरांना तिनं जवळ येऊ दिलं नाही आणि हंबरत राहिली. नाळ दगडानं ठेचून तोडली, सोळा घाव घातले, हेही त्या मोजून सांगायच्या.

शहरातले मित्र मला म्हणतात, गाईचं जरा रंगवून सांगितलेलं वाटतं. मला तसं वाटत नाही. आमच्या गोठ्यात मी लहानपणी पाहिलंय, व्यालेली गाय वासराच्या आसपास कुत्रं सोडा, कालपर्यंत तिला वैरण घालणाऱ्या माणसालाही फिरकू देत नाही. शिंगं खाली करून उभी राहते. नवजात जिवाचा वास आणि ओल गाईला कळत असावी, असं मला वाटतं. आजीला तर यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. गाय आहे, उभी राहणारच!

त्यानंतरचं तुम्हाला चित्रपटामुळं माहीत असेल, म्हणून भरभर सांगतो. माहेरानंही दार लावलं. मग रेल्वेगाड्यांत गाणी म्हणून भीक, रात्री स्मशानात आसरा, चितेच्या निखाऱ्यावर भाजलेली भाकर. तिथून चिखलदरा.

आणि चिखलदऱ्यात पुन्हा गाई. मेळघाट हा व्याघ्र प्रकल्पाच्या अगदी पहिल्या तुकडीतला, १९७३-७४ चा. वाघासाठी चौऱ्याऐंशी आदिवासी गावं हलवायचा घाट होता. त्या गोंधळात एका अधिकाऱ्यानं आदिवासींच्या १३२ गाई डांबून ठेवल्या आणि त्यातली एक मेली. माई या लढ्यात उतरल्या. पर्यायी जागा दिल्याशिवाय गावं उठवायची नाहीत, हे त्यांनी तेव्हाचे वनमंत्री छेदिलाल गुप्ता यांच्याकडून कबूल करून घेतलं. इंदिरा गांधी आल्या तेव्हा अस्वलानं डोळे फोडलेल्या एका आदिवासीचा फोटो त्यांनी दाखवला. वन्यप्राण्यानं गाय किंवा कोंबडी मारली तर भरपाई मिळते, मग माणसाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. भरपाईचा आदेश निघाला.

ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. गाईंसाठी भांडणारी बाई त्याच दमात विचारते, गाईला मिळतं ते माणसाला का नाही? गाय मोठी की माणूस मोठा, असला वाद तिच्या डोक्यातच नव्हता. आजकाल गाय म्हटलं की माणसं लगेच बाजू घेऊन उभी राहतात, या किंवा त्या. माईंची गाय त्या वादातली नव्हे. ती गुराख्याच्या पोरीची गाय होती. तिचं शेण उचललेलं, तिच्यापाशी बाळंतपण झालेलं.

मग पुढचं सारं उभं राहिलं. चिखलदऱ्याला सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं मुलींचं वसतिगृह, सासवडजवळ कुंभारवळणला ममता बाल सदन, पुण्याला मांजरीत सन्मती बाल निकेतन, वर्ध्याला वडिलांच्या नावाचं अभिमान बाल भवन. हजारावर मुलं वाढली. स्वतःच्या मुलीला, ममताला, त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवलं होतं. पोटची आणि दुसऱ्याची असा भेद हातून घडू नये म्हणून. या सगळ्या यादीच्या शेवटी वर्ध्याच्या गाईंचं केंद्र येतं आणि वाचणाऱ्याची नजर तिथवर पोचत नाही. मला विचाराल तर ते यादीत पहिलं हवं. गोठ्यात ज्या गाईनं आडोसा दिला तिचं ते देणं होतं.

पैसा कुठून यायचा? बहुतांशी भाषणांतून. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, मधेच बहिणाबाई, मधेच सुरेश भट, आणि शेवटी सरळ पदर पसरायचा. आमच्या कॉलेजात आल्या होत्या तेव्हा मागच्या बाकांवर टिंगल करायला बसलेली पोरं पाकिटं चाचपताना मी पाहिली आहेत. त्यांत मीही होतो. पद्मश्री मिळाली ती २०२१ ची, म्हणजे जायच्या जेमतेम वर्षभर आधी. त्या महानुभाव पंथाच्या, आणि त्या पंथात दफनाची रीत, म्हणून पुण्यात ठोसर पागा स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं.

एका गोष्टीवरून आजीचं आणि माझं अजूनही वाजतं. ज्या नवऱ्यानं गोठ्यात टाकलं तो म्हातारपणी दारात आला, तेव्हा माईंनी त्याला ठेवून घेतलं, नवरा म्हणून नव्हे, लेकरू म्हणून. आलेल्यांना ‘हे माझं सगळ्यात मोठं मूल’ अशी ओळखही करून द्यायच्या. मला हे पचत नाही. एवढं सगळं करून त्याला आयता निवारा का मिळावा? मी त्या रात्री हे बोलून दाखवलं, तर आजी सुपारी कातरता कातरता म्हणाली, “म्हातारा बैल दारी आला त हाकलतेत का कोनी?”

मी म्हटलं, बैलानं कुणाला लाथा घालून गोठ्यात टाकलं नव्हतं. ती म्हणाली, तू बैल पाळले नाहीस.