‘फ्लोराइडीकरण’ नको, आणि ‘प्लु’ धातू तर नकोच

महाप्याच्या एका वाचकाने विचारलंय : कार्बन कापडाने पाणी झटकावं म्हणून प्लाझ्मात (आयनित, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूत) त्यावर फ्लोरीन बसवतात, त्याला मराठी माहितीपत्रकात ‘फ्लोराइडीकरण’ म्हणावं का? आणि फ्लोरीन, प्लाझ्मा हे दोन्ही शब्द संस्कृत ‘प्लु’ (तरंगणे) या धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मुळापासून, आले, हे खरं का?

फ्लोराइडीकरण म्हणू नका. तो शब्द पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यासाठी आहे. फ्लोराइड हा क्षारातला ऋण आयन, म्हणजे ऋणभारित कण. कार्बनवर फ्लोरीन बसतो तो सहसंयुज बंधाने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने. एक्सपीएस चाचणीत (क्ष-किरण टाकून पृष्ठभागावरचे अणू आणि त्यांचे बंध ओळखणारी चाचणी) फरक सरळ दिसतो : क्षारातल्या फ्लोराइडचं शिखर 685 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, कार्बनला जोडलेल्या फ्लोरीनचं 688–689 ला. ‘फ्लोरिनीकरण’ लिहा. ‘लेप’ही नको. ऑक्टाफ्लोरोसायक्लोब्युटेनसारखा वायू वापरला तर बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर चढतो, तिथे लेप शोभतो. कार्बन टेट्राफ्लोराइडमध्ये मुख्यतः पृष्ठभागावरचे कार्बन अणूच फ्लोरीन धरतात, तेही काही नॅनोमीटर खोलीपर्यंतच.

आता ‘प्लु’. ही व्युत्पत्ती ठोकून देणाऱ्यांनी एकदा ध्वनिनियम पाहावेत. लॅटिन शब्दारंभीच्या ‘फ’समोर संस्कृतात बहुधा ‘भ’ येतो : फ्राटेर–भ्रातृ, फेरो–भरामि. ‘प्लवते’चा लॅटिन भाऊ ‘प्लुइत’, म्हणजे पाऊस पडतो. ‘फ्लोरीन’ ज्यातून आला ते ‘फ्लुएरे’ (वाहणे) हे वेगळंच कूळ. जर्मन खाणकामगार ज्या दगडांना ‘फ्ल्यूस्से’ म्हणत, त्यांना जर्मन खनिजशास्त्रज्ञ आग्रिकोलाने 1530 मध्ये लॅटिनात ‘फ्लुओरेस’ केलं, कारण ते भट्टीत टाकले की वितळलेल्या खनिजाची मळी पातळ होऊन वाहते. ठाण्यात जांभळी नाक्याजवळचा सोनार झाळताना टाकणखार टाकतो, तेच काम. प्लाझ्मा तर ग्रीक ‘प्लास्सेइन’ (घडवणे) मधून आला, प्लास्टिकचा सख्खा भाऊ; आयनित वायूला ते नाव अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूरने 1928 मध्ये दिलं.

संस्कृतशी नातं हवंच असेल तर ते दुसरीकडे आहे, आणि फार सुंदर आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीला ‘फ्लोरीन’ नाव सुचवणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेरने पुढे स्वतःच दुसरं नाव पुढे केलं : ‘फ्थोर’, ग्रीक ‘फ्थेइरो’ (नासवणे) वरून. रशियनमध्ये ‘फ्तोर’ आजही चालतो. या ‘फ्थेइरो’ची सोयरीक भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘क्षरति’शी लावतात, आणि ‘क्षर्’चे अर्थ दोन : वाहणे आणि नाश पावणे! लॅटिन नावातलं वाहणं आणि ग्रीक नावातला नाश, दोन्ही आपल्या एका धातूत. नवं नाव घडवायची वेळ असती तर मी ‘क्षरक’च सुचवलं असतं.

हा नुसता शब्दखेळ नाही. या प्रक्रियेत बिघडतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, ओल : पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत कापड ओल धरतं. ते तापवून, निर्वातात पुरतं सुकवून मगच वायू सोडावा; नाहीतर हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसतात आणि पाण्याचा थेंब उभा राहण्याऐवजी पसरतो. दुसरं, अतिरेक : वेळ किंवा शक्ती जास्त झाली, त्यात ऑक्सिजन शिरला, की कार्बनचा अणूच फ्लोरीनला जोडून वायू होतो आणि पंपावाटे निघून जातो. तंतू खडबडीत होतात, कापडाचं वजन घटतं. माहितीपत्रकात याला कुणी ‘एचिंग’, कुणी ‘झीज’ लिहितं. ‘क्षरण’ लिहा : कार्बन नासतो आणि वाहूनही जातो.