श्टुटगार्टचे मोटार संग्रहालय कसे पाहावे?

प्रश्न : येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे श्टुटगार्टला जाणार आहोत. तेथील मर्सिडीज-बेंझचे संग्रहालय पाहावे असा सुनेचा आग्रह आहे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. यंत्रांतले मला काही कळत नाही, शिवाय गुडघेही दुखतात. नऊ मजल्यांचे ते संग्रहालय मला झेपेल का, आणि तेथे काय पाहावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : चढण्याचा प्रश्नच येत नाही. २००६ साली खुल्या झालेल्या या इमारतीत प्रेक्षकाला लिफ्टने थेट सर्वांत वरच्या मजल्यावर नेतात आणि तेथून, एकमेकींभोवती गुंफलेल्या दोन उतरत्या वाटांनी, तो १८८६ पासून आजपर्यंतचा काळ पाहत खाली येतो. एका वाटेवर कालक्रमाने मांडलेली दालने आहेत, तर दुसरीवर बस, मालमोटारी, रुग्णवाहिका अशी कामाची वाहने. सुमारे १६० वाहने एका दिवसात नीट पाहून होत नाहीत. माझ्या मते पहिल्या दालनालाच भरपूर वेळ द्यावा.

यंत्रांची भीती घालवायची असेल, तर निघण्यापूर्वी एक सकाळ आपल्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात घालवा. तेथील वाफेच्या इंजिनाचा बॉयलर डोळ्यांत साठवून गेलात, म्हणजे कार्ल बेंझने तीन चाकांच्या हलक्या गाडीवर, एका अश्वशक्तीहूनही कमी ताकदीचे, एकाच सिलिंडरचे इंजिन बसवून काय साधले, हे पाहताक्षणी उमगेल. त्याने पेटंटसाठी अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी.

मात्र ही गाडी लोकांच्या भरवशाची केली ती त्याच्या पत्नीने, असे मला मनापासून वाटते. बर्था बेंझने लग्नापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम कार्लच्या कारखान्यात घातली होती. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, ती मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी याच धर्तीच्या गाडीने गेली. हे अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक, म्हणजे नागपूरहून निघून वर्धा बरेच मागे टाकावे एवढे. पेट्रोलपंप नव्हतेच, वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने डाग काढण्याचे द्रावण इंधन म्हणून विकत घेतले, नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि ब्रेक झिजल्यावर चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, म्हणून पुढे बेंझने तिला आणखी एक गिअर जोडला. आपण शिक्षक आहात. ही हकिगत मनात ठेवून त्या गाडीपुढे उभे राहिलात, तर तिचा एकेक भाग आपोआप बोलू लागेल.

खाली उतरताना १९१४ ते १९४५ या काळाचे दालन घाईने ओलांडू नका. कंपनीने स्वतः उभारलेल्या संग्रहालयात तिच्या यशाला जागा अधिक मिळणे स्वाभाविक आहे. परंतु १९४४ साली या कंपनीतील जवळपास निम्मे कामगार सक्तीने आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदिवान होते, हे माहीत असूनच त्या चकचकीत गाड्या पाहाव्यात. संग्रहालय सोमवारी बंद असते, तेव्हा सुनेला दुसरा वार ठरवायला सांगा.